दुपारी ‘फुल’, रात्री नऊला ‘लो बॅटरी’: सोलर प्लेट, कंट्रोलर आणि बॅटरीचं जमत नाही तेव्हा

वस्तीवरून येणारी सोलरची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: “दादा, बॅटरी गेली, नवी केवढ्याला बसेल?” जाऊन बघावं तर बॅटरी अजून गेलेली नसते, उपाशी असते. नवी लावली की चार-सहा महिने झकास चालतं आणि मग तिचीही तीच गत होते, कारण तिला भरणारी प्लेट, मधला कंट्रोलर (प्लेटेची वीज बॅटरीला मापात देणारा डबा) आणि वायर जुनीच असते. म्हणून दुकानात जाण्याआधी खालची तपासणी करा. फुकटातली कामं आधी घेतली आहेत, खर्चाची शेवटी.

हे सगळं बॅटरीवाल्या छोट्या सोलरसाठी आहे: शेतघर, वस्ती, पाडा, १२ किंवा २४ व्होल्ट, एक-दोन ट्युब्युलर (पाणी टाकायच्या, शिशाच्या) बॅटऱ्या, एक ते तीन प्लेटा. पीएम सूर्यघर योजनेतून छपरावर बसलेल्या नेट मीटरच्या यंत्रणेत सहसा बॅटरी नसते आणि प्लेटांच्या ओळीत काही शे व्होल्ट डीसी खेळत असतो. सौर कृषी पंपाचंही तसंच. तिथे यातलं काही करून बघू नका.

लक्षणं

आजार दिसायला एकच, पण त्याच्या जाती वेगळ्या आहेत. कुठली जात आहे हे ओळखलं की अर्धं काम झालं.

उपाशी बॅटरी: कडक ऊन पडलेलं असतं, तरी दुपारी तीनपर्यंत कंट्रोलरवरचा आकडा १३.२-१३.५ च्या पुढे सरकत नाही. संध्याकाळी दोन-तीन तास चालून इन्व्हर्टर बीप करायला लागतो. एक दिवस ढग आले की दुसऱ्या रात्री अंधार.

खोटी फुल: सकाळी दहा-अकरालाच १४.४ दिसतं, हिरवा दिवा लागतो. संध्याकाळी दोन पंखे लावले की अर्ध्या तासात आकडा १२ च्या खाली.

उकळणारी: दर महिन्याला पाणी टाकावं लागतं, बॅटरी हाताला गरम लागते, खोलीत आंबूस वास येतो, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते.

आणि चौथी जात म्हणजे कंट्रोलरच मरतो. एक तर दुपारी तापून, नाहीतर थंडीतल्या एखाद्या सकाळी अचानक.

पहिल्या जातीकडे सहा महिने दुर्लक्ष केलं की तिची दुसरी होते. लेड अ‍ॅसिड बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की तिच्या आतल्या शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कण कडक होत जातात आणि ती जागा कामातून जाते. मग थोड्याशा करंटनेही व्होल्टेज भराभर चढतं, कंट्रोलरला वाटतं पोट भरलं. आत साठा मात्र थोडाच असतो.

आधी वही-पेन: भार वाढलाय का?

याला एक पैसा लागत नाही, आणि हेच कोणी करत नाही. सोलर बसवलं तेव्हा चार दिवे आणि एक टीव्ही होता. मग पंखे आले, वायफाय आला, कॅमेरा आला. जुन्नर-आंबेगावच्या ऊस पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने अंगणात ५० वॉटचा फोकस रात्रभर जळतो. अकरा तासांचे ते ५५० वॉट-तास झाले. एवढ्यात साधा पंखा सात तास फिरतो.

नमुना म्हणून एका घराचा हिशेब. साधे ७५ वॉटचे दोन पंखे आठ तास: १,२००. नऊ वॉटचे चार बल्ब पाच तास: १८०. टीव्ही तीन तास: १८०. फोकस: ५५०. आणि एक चोर, जो कोणाच्या यादीत नसतो, तो म्हणजे स्वतः इन्व्हर्टर. काही जोडलेलं नसतानाही तो १५ वॉटच्या आसपास खातो; चोवीस तास चालू ठेवला तर ३६०. बेरीज २,४७०.

आता साठा बघा. १२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास असतात. रोज तळ गाठला तर ती लवकर मरते, म्हणून त्यातले साधारण निम्मे आपले धरायचे. म्हणजे ९०० च्या आसपास साठ्यावर २,४७० चा संसार. इथे कुठलीही कंपनी, कुठलीही गॅरंटी कामाला येत नाही.

बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे ३० वॉटच्या आसपास घेतात. फोकस हालचाल झाली की पेटणारा घेतला, बाकी वेळ अंगणात नऊचा बल्ब ठेवला आणि दिवसा गरज नसताना इन्व्हर्टर बंद केला, तर हाच हिशेब १,१५० च्या जवळ येतो. दोन पंखे बदलायला दोन बॅटऱ्यांच्या मानाने फार कमी पैसे लागतात. माझं मत असं की साधा पंखा आणि सोलर बॅटरी एका घरात नांदू नयेत.

प्लेट: धूळ, सावली आणि पाठीवरचा स्टिकर

धूळ पुसा. पहाटे किंवा संध्याकाळी. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नका. साखर कारखान्याच्या गळीत हंगामात काजळी बसते, वीटभट्टीजवळ तर बारा महिने. सावली मात्र धुळीपेक्षा वाईट. शेवग्याची एक फांदी किंवा पाण्याच्या टाकीची कड प्लेटेच्या एका कोपऱ्यावर आली तरी त्या भागातले सगळे सेल अडतात, कारण ते एकामागे एक जोडलेले असतात. नऊ, बारा आणि तीन वाजता, असं तीन वेळा जाऊन बघा. बसवताना मे महिना असेल तर डिसेंबरची लांब सावली कोणाच्या ध्यानात आलेली नसते.

प्लेटेच्या पाठीवरच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा. त्यावर चार आकडे महत्त्वाचे: व्हीएमपी आणि आयएमपी, म्हणजे काम करतानाचं व्होल्टेज आणि करंट, व्हीओसी, म्हणजे काही जोडलेलं नसतानाचं व्होल्टेज, आणि आयएससी, म्हणजे शॉर्ट केल्यावरचा करंट. मोठ्या अक्षरातले वॉट सगळे वाचतात. काम या चार आकड्यांवर चालतं.

पहाटेचा आकडा आणि बॅटरीचं पाणी

साधा मल्टिमीटर पुरतो. सूर्य प्लेटेवर यायच्या आत इन्व्हर्टर बंद करा, तासभर थांबा आणि थेट बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर मोजा. कंट्रोलरच्या पडद्यावर नको. १२.५ किंवा वर असेल तर रात्र निभावली. १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी, आणि रोज सकाळी असाच आकडा येत असेल तर बॅटरीचं आयुष्य महिन्यांत मोजायचं. तासभर थांबायचं कारण असं की भार चालू असताना किंवा नुकता बंद केल्यावर आकडा खोटा कमी दिसतो, आणि चार्जिंग चालू असताना खोटा जास्त.

पाण्याची पातळी बघा, फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. आतल्या प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या झाकल्या जातील एवढंच आधी टाका, बाकीचं बॅटरी भरल्यावर. चार्जिंग होताना पाणी वर चढतं आणि उतू जातं. अ‍ॅसिड कधीही टाकू नका. गावोगाव ‘अ‍ॅसिड टाकून बॅटरी ताजी करून देतो’ म्हणणारे भेटतात. हायड्रोमीटरचा (बॅटरीतल्या पाण्याची दाटी मोजणाऱ्या नळीचा) आकडा त्याने वाढतो, बॅटरी मात्र लवकर सडते. पावडरी टाकून ‘जिवंत’ करणाऱ्यांकडेही मी पैसे घालवत नाही.

कंट्रोलरची सेटिंग, आणि दोन जागचा एकच आकडा

बाजारातल्या स्वस्त, निळ्या कंट्रोलरांत बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असतं. सील्ड, जेल आणि पाण्याची, असे तीन पर्याय. पाण्याच्या ट्युब्युलरला दुसऱ्या पर्यायावर ठेवलं तर ती पुरती भरेलच असं नाही. बॅटरीच्या पुस्तिकेत चार्जिंगचं व्होल्टेज दिलेलं असतं, साधारण १४.४ च्या आसपास, आणि भरल्यावर टिकवायचं १३.५ ते १३.८. तेच आकडे कंट्रोलरवर आहेत का ते बघा. लिथियम बॅटरी असेल तर तिचं स्वतःचं सेटिंग हवं. लेडच्या सेटिंगमधलं इक्वलायझेशन (अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टवर भरणं) तिला चालत नाही.

आता दुपारी चार्जिंग चालू असताना दोन ठिकाणी मोजा: कंट्रोलरच्या बॅटरीच्या स्क्रूवर आणि बॅटरीच्या टर्मिनलवर. फरक ०.१-०.२ च्या आत हवा. ०.५ असेल तर मधली वायर बारीक आहे किंवा लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) सैल आहे. कंट्रोलर स्वतःच्या स्क्रूवरचं व्होल्टेज वाचतो. त्याला १४.४ दिसलं की तो हात आखडता घेतो, बॅटरीला मात्र १३.९ च मिळालेलं असतं. खोटी फुल होण्याचं हे सगळ्यात स्वस्त कारण. स्क्रू आवळणे, लग घासून व्हॅसलिन लावणे, कंट्रोलर बॅटरीच्या जवळ आणणे, एवढ्यात ते मिटतं.

इन्व्हर्टर कंट्रोलरच्या ‘लोड’च्या स्क्रूवर जोडलेला दिसला तर तो आधी काढा. तो थेट बॅटरीवर, फ्यूजमधून जोडायचा असतो. कंट्रोलरची ती जागा दोन-चार डीसी दिव्यांसाठी आहे.

खरी परीक्षा: बॅटरीत अँपिअर किती जातात?

इथे वेळ द्या, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

सकाळी दहा-अकराला, बॅटरी रात्री वापरून उतरलेली असताना आणि ऊन स्वच्छ असताना, कंट्रोलरकडून बॅटरीकडे जाणाऱ्या लाल वायरीला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) लावा. मीटर डीसी मोजणारा हवा. बऱ्याच वायरमनकडचा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, तो इथे शून्य दाखवतो आणि सगळे समजतात प्लेट मेली. बॅटरी भरलेली असताना ही परीक्षा घेऊ नका. भरल्या पोटी करंट कमीच जातो. मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकात वायर घालून प्लेट शॉर्ट करण्याचा प्रकारही नको, ५४० वॉटच्या प्लेटेचा करंट १३ च्या वर असतो.

किती यायला हवे? ट्युब्युलरसाठी ढोबळ नियम एएचचा दहावा भाग. १५० एएचला १५ अँपिअर. सहा-सात टक्क्यांवर ती जेमतेम जगते, तीन-चार टक्क्यांवर हळूहळू मरते. वरची मर्यादा बॅटरीच्या पुस्तिकेत असते. पंधरा टक्क्यांच्या पुढे मी जात नाही.

आता मीटरवर ९ आले असं समजा आणि प्लेट ३३० वॉटची आहे. मालक म्हणतो, ३३० भागिले १२, म्हणजे २७ यायला हवेत, प्लेट खराब दिली. प्लेट ठणठणीत आहे. तिचं व्हीएमपी ३८ आणि आयएमपी ९ च्या जवळ आहे, आणि मध्ये पीडब्ल्यूएम कंट्रोलर आहे. पीडब्ल्यूएम म्हणजे एक चलाख स्विच. तो प्लेटेला थेट बॅटरीशी जोडतो, त्यामुळे प्लेटेचं व्होल्टेज बॅटरीच्या १३ वर ओढलं जातं आणि करंट नऊचा नऊच राहतो. नऊ गुणिले १३, म्हणजे ११७ वॉट. उरलेले दोनशेच्या वर वॉट कुठे गेले? कुठेच नाहीत, ते प्लेटेने बनवलेच नाहीत. ५४० ची प्लेट लावली तरी त्या कंट्रोलरवर १३ अँपिअर, म्हणजे १७० वॉटच मिळतात.

एमपीपीटी कंट्रोलर प्लेटेला तिच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो आणि जादा व्होल्टेजचं करंटमध्ये रूपांतर करतो. उन्हात तापलेली, थोडी धूळ बसलेली ३३० ची प्लेट २५०-२६० वॉट देते, आणि ते १३.५ व्होल्टवर १९ अँपिअरच्या आसपास बसतात. तीच प्लेट, तीच बॅटरी, दुप्पट करंट.

पण डब्यावर एमपीपीटी छापलं म्हणून आत एमपीपीटी असतोच असं नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. बॅटरी भुकेली असताना, चार्जिंग चालू असताना, कंट्रोलरच्या प्लेटेकडच्या दोन स्क्रूंवर व्होल्टेज मोजा. बॅटरी १३ ला आहे आणि इथेही १३-१४ च दिसतंय? मग ३३० च्या प्लेटेसाठी तो पीडब्ल्यूएमच आहे, स्टिकर काहीही म्हणो. खरा असेल तर इथे तिशीतला आकडा दिसेल. खरा एमपीपीटी हातात घेतल्यावर वजनदारही लागतो, कारण आत तांब्याची मोठी गुंडाळी असते.

पीडब्ल्यूएम वाईट असतो असं नाही. त्याला त्याच्या जोडीची प्लेट हवी. ३६ सेलची, जिला दुकानात १२ व्होल्टची म्हणतात, तिचं व्हीएमपी १८ असतं. १६५ वॉटच्या अशा दोन प्लेटा समांतर जोडल्या की १८ अँपिअर मिळतात आणि १५० एएच खुशीत भरते. ३३० वॉटची ७२ सेलची प्लेट मुळात २४ व्होल्टच्या बॅटरीची. तिथे पीडब्ल्यूएमवरही ती वाया जात नाही.

मधली ६० सेलची प्लेट मात्र फसवी. तिचं व्हीएमपी ३०-३१. चोवीसच्या बॅटरीला पुरेल असं कागदावर वाटतं, पण दुपारी सेल ६० अंशांपर्यंत तापतात आणि प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के या दराने हे व्होल्टेज घसरतं. स्टिकरवरचे आकडे २५ अंशांचे आहेत. तीसचे २६ उरतात, आणि बॅटरीला पुरतं भरायला २८.८ हवेत. ही जोडी हिवाळ्यात सकाळी बरी चालते आणि ऐन वैशाखात, जेव्हा ऊन सगळ्यात जास्त, तेव्हा रडते. पंखा जोरात लागतो तेही तेव्हाच.

वायर

प्लेट पत्र्यावर, बॅटरी घरात, मध्ये २० मीटर. जाऊन-येऊन ४० मीटर झाले, हे विसरलं जातं. घरातल्या दिव्यांची १.५ चौरस मिमी वायर वापरली असेल तर ९ अँपिअरला चार-साडेचार व्होल्ट वाटेतच जातात. ४ चौरस मिमीची सोलर डीसी केबल घातली तर पावणेदोनच्या आसपास. पीडब्ल्यूएम आणि ३६ सेलच्या प्लेटेच्या जोडीत तापल्यावर हातात साडेपंधरा व्होल्टच असतात, त्यातले चार गेले तर बॅटरीपर्यंत काय पोचणार? मोजायला सोपं आहे: चार्जिंग चालू असताना प्लेटेजवळचं आणि कंट्रोलरजवळचं व्होल्टेज ताडून बघा. प्लेटेचं प्लग कनेक्शन उन्हात, करंट चालू असताना ओढू नका, डीसीची ठिणगी सहज विझत नाही. आधी प्लेटेवर जाड गोधडी टाका किंवा ब्रेकर पाडा. आणि कंट्रोलर काढताना प्लेट आधी सोडवा, बॅटरी नंतर. जोडताना बॅटरी आधी. बॅटरी बघूनच तो १२ आहे की २४ हे ठरवतो.

आता मापं जुळवा

इथपर्यंत सगळं नीट असेल आणि तरी भागत नसेल, तर माप चुकलंय. खर्च इथून सुरू होतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बॅकअप कमी पडतो म्हणून जुनीच्या शेजारी दुसरी बॅटरी समांतर जोडणे. हौद मोठा केला म्हणून नळाची धार वाढत नाही. ९ अँपिअर आधी एका १५० ला सहा टक्के होते, आता दोघींत मिळून तीन टक्के झाले. आधी एक उपाशी होती, आता दोन. शिवाय जुनी नवीला ओढून खाली आणते. दुसरी बॅटरी घ्यायचीच तर प्लेटही तेवढीच वाढवा, आणि दोन्ही बॅटऱ्या एकाच वयाच्या, एकाच मापाच्या ठेवा. तशा दोन असतील तर मी त्या समांतर न जोडता मालिकेत, २४ व्होल्टवर नेतो. करंट निम्मा, वायरीतली गळती कमी. त्याला इन्व्हर्टरही २४ चाच लागतो, हे आधी बघा.

एका १२ व्होल्ट १५० एएचला एमपीपीटीवर ३३० वॉट बरोबर बसतात. दोन मालिकेत असतील तर ५४० ची एक. रोज किती मिळतं? महाराष्ट्रात वर्षाची सरासरी धरली तर दिवसभराचं ऊन भर दुपारच्या पाच तासांच्या उन्हाएवढं भरतं. ३३० चे पाऊण धरा, गुणिले पाच: १,२४० वॉट-तास. बॅटरीत जाता-येता पाचवा हिस्सा जातो, उरले हजार. वरचा काटकसर केलेला संसार १,१५० चा होता. मार्च-एप्रिलमध्ये ऊन सरासरीपेक्षा जास्त, तेव्हा भागतं. आषाढात कोकण-मावळात ऊन वैशाखाच्या जवळजवळ निम्म्यावर येतं, तेव्हा नाही. ज्यांच्याकडे लाइन आहे त्यांनी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बॅटरी लाइनवर पूर्ण भरून घ्यावी. अर्धवट भरलेली बॅटरी महिनाभर ठेवली की ती खोटी फुल होण्याच्या वाटेला लागते. लाइन नसेल तर दुसरी प्लेट घ्या, दुसरी बॅटरी नव्हे.

कंट्रोलरच्या दोन मर्यादा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची शिक्षाही वेगळी. अँपिअरची मर्यादा ओलांडली तर चांगला एमपीपीटी फक्त जादा वीज सोडून देतो. ५४० ची प्लेट १२ व्होल्टवर ३२ अँपिअर देऊ शकते, कंट्रोलर ३० चा असेल तर दोन वाया, बाकी काही बिघडत नाही. पीडब्ल्यूएममध्ये अशी सोय नसते, तो तापून जळतो, म्हणून तिथे प्लेटांच्या एकूण आयएससीपेक्षा सव्वापट मोठा घ्या. व्होल्टची मर्यादा ओलांडली तर मात्र कुठलाही कंट्रोलर जागीच मरतो. ५४० च्या प्लेटेचं व्हीओसी ४९.५ च्या आसपास असतं. दोन मालिकेत जोडल्या की ९९, आणि कंट्रोलर १०० व्होल्टचा. हिशेब जमला असं वाटतं. पण थंडीत व्हीओसी वाढतं, अंशाला ०.३ टक्के म्हटलं तरी पाच अंशांवर सहा टक्के. निफाडकडच्या थंडीतल्या पहाटेला सूर्याचा पहिला किरण पडतो, बॅटरी अजून करंट ओढत नसते, आणि १०५ व्होल्ट आत जातात. थंडीत अचानक मेलेल्या कंट्रोलरची ही गोष्ट. मालिकेतल्या व्हीओसीच्या बेरजेवर निदान दहा-पंधरा टक्के सोडूनच कंट्रोलर निवडा.

उकळणाऱ्या बॅटरीचं माप उलट चुकलेलं असतं. ७५ एएचची छोटी बॅटरी आणि वर ५४० ची प्लेट, म्हणजे ४० टक्क्यांच्या वर करंट. चांगल्या एमपीपीटीत चार्जिंगचा करंट बांधून देता येतो. तो दहा टक्क्यांच्या आसपास बांधा. बॅटरी पत्र्याच्या तापलेल्या खोलीत असेल तर चार्जिंगचं व्होल्टेजही थोडं उतरवावं लागतं. १२ च्या बॅटरीला दर अंशाला १८ ते ३० मिलिव्होल्ट, म्हणून तापमानाची तार असलेला कंट्रोलर विदर्भ-खानदेशात पैसे वसूल करतो.

शेवटी बॅटरी

आता तिच्यावर संशय घ्यायला हरकत नाही. एक-दोन दिवस भार अगदी कमी ठेवून, शक्यतो लाइनच्या चार्जरवर तिला पूर्ण भरा. मग सहाही सेलमध्ये हायड्रोमीटर घालून बघा. ट्युब्युलरचा भरलेला आकडा १.२४० च्या आसपास असतो, नेमका पुस्तिकेत बघा. सगळे सेल सारखेच कमी असतील तर ती उपाशी राहिली आहे. पाण्याच्या बॅटरीला कंपनीने सांगितलेल्या व्होल्टवर, खिडक्या उघड्या ठेवून इक्वलायझेशन दिलं तर काही प्रमाणात सावरते. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३० ने मागे असेल आणि इक्वलायझेशननंतरही मागेच राहिला, तर तो सेल गेला. तिथे बॅटरी बदला, आणि नवी बसवायच्या आधी वरच्या मापांतलं जे चुकलं होतं ते सुधारा.

हे करताना चष्मा घाला, हातातलं कडं-अंगठी काढा. पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात. चार्जिंग होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ बिडी-उदबत्ती नको.

इथे थांबा, माणूस बोलवा

प्लेटांच्या ओळीचं व्होल्टेज ६० च्या वर असेल तर वायरीला हात न लावता जाणकाराला बोलवा. हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये ते काही शे असू शकतं. बॅटरी फुगलीय, तडकलीय किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतोय, तर प्लेटेचा ब्रेकर पाडा, खोली उघडी ठेवा आणि बाहेर या. लिथियम बॅटरी फुगली किंवा बीएमएस (तिच्या आतलं राखण करणारं सर्किट) वारंवार बंद पडत असेल तर ती उघडू नका. प्लग वितळलेला दिसला, प्लेटेच्या चौकटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा फ्यूज बदलला आणि लगेच पुन्हा उडाला, तर तेही आपलं काम नाही. वॉरंटीतली बॅटरी किंवा कंट्रोलर खोलू नका; दाव्यासाठी पहाटेचं व्होल्टेज, दुपारचे अँपिअर आणि सेलचे आकडे तारखेनिशी लिहून ठेवा, स्टिकरचे फोटो जोडा. येणाऱ्या माणसालाही तोच कागद द्या. तो बघून जर त्याने काही न मोजता थेट नवी बॅटरी सुचवली, तर दुसरा माणूस शोधा.